कुठंच न जाणारं गाव

बेहडाटोल्यात बूट घातलेला माणूस शिरला की आधी कुत्री भुंकतात आणि मग गावातल्या मोटारसायकली नाहीशा होतात. कोणी आपली गाडी तणसाच्या ढिगाआड ढकलतं, कोणी गोठ्यात म्हशीच्या पलीकडे उभी करून वर गोणपाट टाकतं. छपरावरच्या डिशवर टोपली उपडी पडते. अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आत जातात आणि बाहेर येते ती दोरी तुटलेली बाज. अशी बाज गावात एकच उरली आहे. सर्व्हेवाला एका घरातून उठून दुसऱ्या घरी पोचायच्या आत ती मागच्या दारानं तिथं हजर असते, आणि एवढं गाव अजून तुटक्या बाजेवर झोपतं हे पाहून भल्याभल्यांचा जीव कळवळतो.

ही विद्या गावाला शिकवली भय्याजींनी.

भय्याजी ना सरपंच, ना पोलीस पाटील. धानाची बेताची शेती, खांद्यावर दुपट्टा, आणि घरापुढच्या सपरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायची हौस. पण सर्व्हे कसा द्यावा हे विचारायला पार सरपंचही त्यांच्याकडे येई. या विद्येचा गुरू म्हणजे एक जुना पंखा. तरुणपणी भय्याजींनी दारात आलेल्या साहेबाला छाती फुगवून सांगितलं होतं, की आमच्या घरी पंखा आहे, या, हवा खा. साहेबानं हवा खाल्ली, चहा घेतला, आणि पुढच्या वर्षी रेशन कार्डाचा रंग बदलला. तो रंग परत जागेवर आणता आणता भय्याजींच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले. तेव्हापासून त्यांचं एकच सांगणं होतं, "नाही म्हणावं बाप्पा. नाहीचा पुरावा कोणी मांगत नाही."

त्यामुळे घरकुल असो, शौचालय असो, की गावात किती जणांना चष्मा आहे याची मोजणी असो, बेहडाटोल्याचं उत्तर ठरलेलं. नाही. काहीच नाही. होतं ते मोडलं.

आता भय्याजींच्या घरचं सांगायचं, तर त्या घरात सगळ्यात आधी उठायच्या त्या सत्यभामाबाई, भय्याजींची बायको. घरामागं त्यांची बाडी होती. तिच्यात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, बांधावर सेमीच्या शेंगा. बाजाराच्या दिवशी पहाटे माल तोडून, पाणी शिंपडून, टोपली डोक्यावर घेऊन त्या शाळेपुढं उभ्या राहत. फाट्यावरून आत वळून येणारी एसटी शाळेपुढं फिरे आणि बाईंना घेऊन सानगडीला जाई. लाखांदूरचा बाजार असला की फाट्यावर गाडी बदलायची. संध्याकाळच्या गाडीनं रिकामी टोपली घेऊन परत. बाजारात त्यांची जागा ठरलेली होती, शेजारणी ठरलेल्या होत्या, आणि कोणत्या मास्तरीणबाईला कोवळी मेथी लागते हेही ठरलेलं होतं.

घरातलं तेल-मीठ त्या टोपलीतून यायचं. भय्याजींचा तंबाखूही त्यातूनच यायचा, आणि थोरल्या पोरीचं बाळंतपणही त्यातूनच निघालं. हे भय्याजींना माहीत नव्हतं असं नाही. पण याला ते काम म्हणत नसत. काम म्हणजे धान. बाजार म्हणजे बाईमाणसाचं जाणं-येणं.

अशा या गावात एका बाजाराच्या दिवशी सुगत नावाचा पोरगा एसटीतून उतरला. पायांत बूट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. 'ग्रामगती' नावाच्या प्रकल्पानं त्याला पाठवलं होतं. प्रकल्पाचा हेतू चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तो कोणाच्या लक्षात राहणार नाही. कंडक्टरच्या तिकिटाच्या यंत्रात बेहडाटोला हे गावच नव्हतं, फक्त बेहडाटोला फाटा होता. आतून किती माणसं चढतात हे त्या यंत्राला कळायचं नाही. तेव्हा घरोघर जाऊन विचारावं, कोण कुठं जातं, कशासाठी जातं, आणि त्या माहितीवरून गाड्या लावाव्यात, असं ठरलं होतं. चांगलं ठरलं होतं.

सुगत उतरला तेव्हा सत्यभामाबाई चढत होत्या. पोरगा संस्काराचा, त्यानं टॅबलेट काखेत मारला आणि बाईंची टोपली दोन्ही हातांनी उचलून गाडीत ठेवली. मग तो विचारत विचारत भय्याजींच्या सपरीत आला. तोवर मोटारसायकल म्हशीच्या पलीकडे गेली होती आणि बाज आली होती.

"काकाजी, घरी मोटारसायकल, स्कूटी काही?" त्यानं सुरुवात केली.

"कुठची जी गाडी. सायकल होती, तेबी गंजली."

"महिन्यातून कितीदा बाहेरगावी जाता?"

भय्याजींनी प्रश्न हातात घेऊन तोलला. जाणं म्हणजे खर्च, खर्च म्हणजे पैसा, आणि पैसा म्हणजे कार्डाचा रंग. पोरगा दिसायला साधा होता, पण प्रश्न साधा नव्हता.

"कुठी जाणार बाप्पा. गरिबानं जागेवर राहावं."

"दवाखान्यात?"

"दुखतच नाही काही."

"लग्नकार्यात?"

"कोणी बोलावतच नाही," भय्याजी म्हणाले. आदल्याच आठवड्यात ते एका वरातीत पोटभर नाचून आले होते.

"बाजारात तरी?"

"भात खातो, मीठ लावतो."

"अन् काकू? त्या काय करतात?"

"काही नाही करत. बाईमाणूस, घरीच रायते."

"कुठी जात नाही?"

"तिले कुठी जाणं आहे?"

सुगतनं मान डोलावली आणि ज्या हातानं टोपली उचलली होती त्याच हातानं 'प्रवास करत नाहीत' हे बटण दाबलं. त्याला दोष देता येत नाही. त्याला जे सांगतील ते भरायचं होतं, जे दिसेल ते भरायला त्या टॅबलेटात जागा नव्हती.

शेजारच्या गोपीचंदनं कुंपणावरून मान काढून विचारलं, "भय्याजी, काय सांगा लागते?" भय्याजींनी डोळ्यानंच खूण केली. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावानं तेच सांगितलं. बेहडाटोल्यात कोणाकडे गाडी नव्हती, कोणाला काही दुखत नव्हतं, कोणाच्या पोरी दुसऱ्या गावी दिलेल्या नव्हत्या. शाळा-कॉलेजसाठी एसटीला रोज लटकणारी पोरंसुद्धा आपापल्या बापाच्या तोंडून घरी बसली.

पंधरवडा-महिन्यानं सरपंचांना फोन आला. बेहडाटोला साऱ्या तालुक्यातून निवडला गेला होता. गरिबीसाठी नव्हे, सत्कारासाठी.

भय्याजींना आधी वाटलं ही काही चाल असेल. पण सरपंच म्हणाले चला, म्हणून दोघं गेले. गेले भय्याजींच्याच मोटारसायकलीवर. ती त्यांनी सभागृहापासून लांब एका चहाच्या टपरीमागं लावली, आणि चपलांना धूळ लागावी म्हणून उरलेला रस्ता कडेकडेनं चालले. मंचावर मोठा फलक होता, 'जिथे प्रवास नाही, तिथे प्रदूषण नाही'. प्रकल्पाचे साहेब, तरुण, चष्मेवाले, फार उमेदीनं बोलले. या गावाच्या सगळ्या गरजा गावातच भागतात. हे गाव धूर सोडत नाही. हे गाव स्वयंपूर्ण आहे. मग शाल आली, नारळ आला, एक कडुलिंबाचं रोप आलं. सरपंच बोलायला लाजले म्हणून भय्याजींनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि म्हणाले, "आमी पहिल्यापासूनच कुठी जात नाही." टाळ्या पडल्या. भय्याजींना आयुष्यात एवढ्या टाळ्या पहिल्यांदाच मिळाल्या होत्या. परत येताना ती शाल त्यांनी अंगावरून काढलीच नाही, उकाडा होता तरी.

त्यानंतरच्या बाजाराला एसटी आत आली नाही.

सत्यभामाबाई टोपली घेऊन शाळेपुढं उभ्या राहिल्या. आणखी चार बाया होत्या, लाखांदूरच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरी होत्या, दवाखान्याला निघालेला एक म्हातारा होता. ऊन चढलं. मग फाट्याकडून सायकलवर आलेल्या एकानं सांगितलं, की गाडी सरळ गेली. आतला फेरा बंद झाला म्हणे. ग्रामगतीचा अहवाल आला, की या गावाला गाडी लागत नाही.

बाईंनी टोपली घरी आणून सपरीत ठेवली. "गाडी नाही आली जी," त्या म्हणाल्या.

"येईल," भय्याजी म्हणाले. ते शालीची घडी घालत होते.

गाडी आली नाही. फाटा काही जवळ नव्हता. मध्ये तलावाची पाळ, मग उघडे बांध. भरली टोपली डोक्यावर घेऊन तिथवर जायचं म्हणजे निम्मी मेथी वाटेतच मान टाकायची. पोरींनी एक-दोन दिवस पायपीट केली, मग त्यांच्या घरातून पावसाळ्यात काय कराल असं बोलणं सुरू झालं. गाव कुरकुरायला लागलं, पण गंमत अशी की साऱ्या गावानं एकच उत्तर दिलं असल्यामुळे कोणाला कोणाकडे बोट दाखवता येईना. सगळे भय्याजींकडे पाहायचे, आणि भय्याजी तलावाकडे.

शेवटी ते दुपट्टा झटकून ग्रामगतीच्या कार्यालयात गेले. साहेबांनी ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. "बोला भय्याजी, रोप जगलं का?"

"जगलं जी. ते गाडीचं..."

साहेबांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. साऱ्या जिल्ह्याचा नकाशा त्यावर होता. बपेऱ्यापासून लाखांदूरपर्यंत गावंच्या गावं रंगीत ठिपक्यांनी उजळली होती, आणि मध्ये एक जागा कोरी होती. तो बेहडाटोला. साहेबांनी तिथं बोट लावलं, आणि एकेक घर उघडत गेलं.

"हे तुमचं घर. वाहन नाही. प्रवास नाही. दुखणं नाही. काकू काहीही करत नाहीत आणि घराबाहेर पडत नाहीत." साहेबांनी हे अगदी मायेनं वाचलं. "मग मला सांगा भय्याजी, गाडी सोडायची तर कोणासाठी सोडायची? बाकीच्या गावांवर अन्याय नाही का होणार?"

भय्याजींच्या ओठांवर खरं येऊन बसलं होतं. पण खऱ्याच्या पाठीमागं मोटारसायकल होती, मोटारसायकलीच्या मागं बाजाराचा पैसा होता, आणि त्या सगळ्याच्या मागं तो जुना पंखा गरगरत होता. त्यांनी खरं गिळलं.

"बरोबर आहे जी," ते म्हणाले. "मी सहजच आलतो. शालीबद्दल आभार मानाले."

घरी सत्यभामाबाई दारातच उभ्या होत्या. "काय म्हणले साहेब?"

"भेटलेच नाही," भय्याजी म्हणाले, आणि हात-पाय धुवायला गेले.

मग सुरू झाली भय्याजींची सेवा. बाजाराच्या दिवशी ते बायकोला मोटारसायकलवर नेऊ लागले. टोपली मधे, बाई मागं, भय्याजी पुढं. गावात याचं कौतुक झालं आणि त्यात भय्याजींनी स्वतःच बरीच भर घातली. या वयात कोण बायकोला नेतं, असं ते भेटेल त्याला सांगत. त्यांना मनापासून वाटत होतं, की आपण चुकीची भरपाई दामदुप्पट केली.

पण एसटी उठायची कोंबड्याबरोबर आणि भय्याजी उठायचे उन्हाबरोबर. उठल्यावर चहा. चहानंतर सपरीत कोणीतरी यायचंच, आणि त्याला अर्ध्या बोलण्यातून उठवणं भय्याजींच्या रीतीत बसत नव्हतं. सत्यभामाबाई टोपली भरून उभ्या राहायच्या. "चला जी आता." "निघतो ना व. पळून जाते का बाजार?" बाजार पळत नव्हता, पण त्यांच्या जागेवर तोवर दुसरीच बाई बसलेली असायची. मग शेवटी उन्हातली जागा. मास्तरीणबाई तोवर मेथी घेऊन गेलेल्या असायच्या.

त्यात भय्याजी शेजारीच बसायचे. गिऱ्हाईक आलं की तेच बोलायचे. वांगी कशी करावी ते सांगायचे, सरकार कसं चुकतं ते सांगायचे, आणि गिऱ्हाईकानं भाव पाडून मागितला की मोठेपणानं "घ्या ना जी" म्हणून देऊन टाकायचे. जेवणवेळ टळली की त्यांना झोपेची आठवण व्हायची. खरा बाजार फुलायचा तो मजूर बाया कामावरून सुटल्यावर, संध्याकाळी. तोवर बाईंची उरलेली टोपली घरच्या वाटेला लागलेली असायची.

आणि एखाद्या दिवशी भय्याजींना जमायचंच नाही. कंबर धरली, कुणाचं तेरवीचं जेवण आलं, नुसता कंटाळा आला. "आज राहू दे व." बाई तोडलेला सांभार म्हशीला घालायच्या. तंबाखू आणताना घरातली चिल्लर लवकर संपते हे भय्याजींना जाणवायचं, पण ते महागाईला नावं ठेवून मोकळे व्हायचे.

उन्हाळा सरता सरता बातमी आली, की ग्रामगतीचा पुन्हा सर्व्हे आहे. पहिल्या सर्व्हेत काही चूक झाली असावी असं कोणाच्या तरी मनात आलं होतं. गावात जीव आला. समाजमंदिरात बैठक बसली आणि भय्याजी उभे राहिले.

"मागच्या बारीले आपण नाही म्हटलं, गाडी गेली," ते म्हणाले. "आता हो म्हणा. दणकून म्हणा. रोज जातो म्हणा. नागपूर म्हणा."

गाव आज्ञाधारक. गोपीचंदची आई कित्येक वर्षांत खाटेवरून उठली नव्हती. तिला रोज नागपूरला जायचं ठरवून देण्यात आलं. ती म्हणाली, "नागपुरात काय करतो म्हणू?" गोपीचंद म्हणाला, "येतो म्हण परत." मोटारसायकली मात्र तणसाआडच राहायच्या होत्या, त्याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. गाडी नाही, पैसा नाही, आणि रोज नागपूर. हे कसं जमतं, हे साहेबानं शोधावं.

या वेळी आली तृप्ती. एसटी नव्हती, तेव्हा बिचारी आपल्या स्कूटीवर धूळ खात आली. ती थेट भय्याजींच्या सपरीत आली. भय्याजी बाजेवर सरसावून बसले आणि म्हणाले, "लिवा. रोज नागपूर."

"तुमाले नाही काकाजी," तृप्ती हसून म्हणाली. "या बारीले बायांले विचारा लागते. काकू कुठी आहे?"

भय्याजींच्या एवढ्या वर्षांच्या विद्येत हे कुठंच बसत नव्हतं. बाईला विचारायचं म्हणजे काय विचारायचं? आणि ती काय सांगणार? तिला कोणी शिकवलंच नव्हतं. पण सत्यभामाबाई हात पुसत बाहेर आल्या आणि तृप्तीनं भय्याजींना हातानंच आत बसायला सुचवलं. ते उंबऱ्याच्या आत बसले, कान बाहेर ठेवून. कुंपणाशी गोपीचंद उभा होताच.

"काकू, तुमी बाजारात जाता?"

"जातो ना बाई. वांगी विकतो, मेथी विकतो. एसटी होती तवा दर बाजाराले जात होती."

"अन् आता कशानं जाता?"

भय्याजींनी आतून जोरजोरात मान हलवली, हात हलवला, दुपट्टाही हलवला. बाईंनी तिकडे पाहिलं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"त्याइच्या मोटारसायकलनं," त्या म्हणाल्या.

कुंपणापाशी गोपीचंदनं डोळे मिटून घेतले.

तृप्तीचं बोट टॅबलेटवर थांबलं. "काकू, असं आहे पाहा. घरी गाडी आहे म्हणून दाबलं का पुढचे प्रश्न उघडतच नाही. गाडीवाल्याले एसटी नाही लागत, असं समजते हे."

"खोटं कायले सांगू बाई. गाडी आहे. ते नेतात." बाई खाली बसल्या. त्यांचा आवाज काही चढला नाही. "पण ते उठतील तवा निघा लागते, अन् त्याइले झोप आली का उठा लागते. आज नेता का म्हणून आदल्या रोजी विचारा लागते. नाही म्हणले तं माल म्हशीले घाला लागते. एसटीले मी कधी विचारलं नाही. तिकीट काढलं, बसली. कोणाचे उपकार नव्हते."

तृप्ती काही लिहीत नव्हती, ती ऐकत होती.

"लगन होऊन आली तवापासून सारं विचारूनच केलं बाई. बाजार तेवढा एक न विचारता होता."

भय्याजींना आधी राग आला. मी कधी नाही म्हटलं, असं म्हणायला ते उठलेसुद्धा. पण उठता उठता त्यांना कंबर धरलेले दिवस आठवले, तेरवीचं जेवण आठवलं, आणि "घरीच रायते" हे आपलंच वाक्य आठवलं. साहेबानं पडद्यावर ते वाचून दाखवलं तेव्हाही त्यांना वाटलं होतं, की आपण सरकारला फसवलं. आता त्यांना कळलं, की त्या वाक्यात खोडली गेली ती एकटी हीच होती. त्यांना फार लाज वाटली. एवढी, की कार्डाचीसुद्धा आठवण झाली नाही.

"काकाजी," तृप्तीनं आत पाहून विचारलं, "गाडी तुमची आहे?"

साऱ्या आयुष्यात भय्याजींना एवढा सोपा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ते बाहेर आले.

"माही आहे," ते म्हणाले. "साळ्याच्या नावानं घेतली, पण माही आहे. अन् मी चालवतो ते माह्या सवडीनं चालवतो. हेबी लिवा."

"हे लिवाले जागा नाही काकाजी," तृप्ती म्हणाली. मग तिनं स्क्रीन खालीपर्यंत सरकवली. "थांबा. एकदम खाली 'इतर' आहे. तिथं लिवतो."

गोपीचंद पळत गावात गेला आणि भय्याजींना वेड लागल्याचं सांगून आला. पण तोवर तृप्ती पुढच्या घरी बाईशेजारी बसली होती. कोणत्या बाईला नवरा दवाखान्यात नेत नव्हता, कोणती आपल्या पोरीला भेटायला दिराच्या गाडीची वाट पाहत होती. पुरुषांनी शिकवलेलं नागपूर बायांच्या तोंडी टिकलं नाही. गोपीचंदच्या आईनंही खरं ते सांगितलं, की मले कुठीच जायचं नाही, पण सून माहेरी गेली नाही दोन सण, तिले पाठवा. तृप्ती सगळं 'इतर'मध्ये घालत गेली.

पुढं काय झालं ते तृप्तीनंच नंतर सत्यभामाबाईंना फोनवर सांगितलं. साहेबांनी बैठकीत गावागावाची रंगीत वर्तुळं दाखवली. आरोग्य हिरवं, शिक्षण निळं, बाजार पिवळा. बेहडाटोल्याचं वर्तुळ मात्र जवळपास सगळंच राखी निघालं. राखी रंग म्हणजे 'इतर'. वरच्या साहेबांनी विचारलं, हे इतर काय आहे? तेव्हा तृप्तीला उभं करून वाचायला लावलं. तिनं बायांचं बोलणं जसंच्या तसं वाचलं. मग कोणीतरी चहाचं विचारलं. चहा झाल्यावर चष्मेवाले साहेब म्हणाले, यांना बाजाराच्या दिवशी आत गाडी देऊन टाका, म्हणजे हे सगळं 'बाजार' या खान्यात जाईल आणि वर्तुळाला जरा रंग येईल.

तर असा बेहडाटोल्याला न्याय मिळाला. रोजची गाडी नाही, बाजारची. पोरी अजून फाट्यापर्यंत चालतात, त्यांचा सर्व्हे व्हायचा आहे. भय्याजींच्या कार्डाचं काय झालं, असं कोणी विचारलं तर ते म्हणतात, अजून कोणी आलं नाही, येईल. त्यांची झोप पूर्वीसारखी लागत नाही, हे खरं आहे.

पहिल्या बाजाराला भय्याजी कोंबड्याबरोबर उठले. कोणी सांगितलं नव्हतं. टोपलीची एक बाजू त्यांनी धरली, एक सत्यभामाबाईंनी, आणि शाळेपुढं दोघं उभे राहिले. एसटी वळून आली. भय्याजींनी टोपली वर चढवून दिली, आणि बाई खिडकीशी बसल्या तेव्हा जवळ जाऊन विचारलं, "कवा येशील?"

"माल संपल तवा," सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि कंडक्टरकडे वळून त्यांनी बायांचं हाफ तिकीट मागितलं.